एका पायात बूट

"ह्याचे गाल पांढरे का ठेवलेस गं?" छापखान्याचा मालक वेंडेलने ओला कागद ओटिलियाच्या नाकासमोर धरला. "मेलेल्या पोराला मरण कशाला उचलून नेईल? गुटगुटीत दिसलं पाहिजे, तरच बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. लाल भर!"

ऑग्सबुर्गच्या त्या छापखान्यात ओटिलिया अकरा वर्षं चित्रं रंगवत होती. जत्रेत मरणाची चित्रं सर्वांत जास्त खपत. राजाचा हात धरून ओढणारा सांगाडा, नवरीपुढे ढोल बडवणारा सांगाडा. त्यांना रंग देताना ती संध्याकाळच्या सुपाचा विचार करी. आज नव्या लाकडी ठशावरून चित्र छापून आलं होतं. चुलीपाशी बसलेल्या आईजवळून सांगाडा तिचं पोर नेत होता.

पोराच्या एकाच पायात बूट होता. कपाळावर केसांचा भोवरा.

तिचा लीनहार्ट दोन्ही बूट कधी पायात ठेवायचा नाही. तीन वर्षांचा होता. छातीच्या तापाने जाऊन महिनाही झाला नव्हता. तो आजारी असताना छापखान्यासाठी चित्रं काढणारा सिक्स्ट दोनदा घरी आला होता, नासपती घेऊन. अंथरुणाशी बसून त्याने पोराला हसवलं होतं. 'एवढा मोठा माणूस, पण माया बघा,' असं तिने शेजारणीला कौतुकाने सांगितलंही होतं.

ती उठून खिडकीशी बसलेल्या सिक्स्टकडे गेली.

"हा माझा लीनहार्ट आहे."

"हो. छान उतरलाय ना?" त्याने मानही वर केली नाही.

"तुम्ही त्याला बघायला आला होतात."

"बघायलाच आलो होतो, बाई."

वेंडेल खो खो हसला. "अगं, नशीब काढलं पोराने! राजाच्या रांगेत जाऊन बसलं. आमची दोन गेली, त्यांची तोंडंसुद्धा आठवत नाहीत आता."

"मग एक कागद मला द्या."

"चांगला कशाला? रद्दीत बघ."

तिने रद्दी उपसली. कुठे पोराचं तोंडच उठलेलं नव्हतं, कुठे पाय फाटलेला. शेवटी एक सापडला. त्यात पोर पूर्ण होतं, आईच्या चेहऱ्यावर मात्र शाईचा डाग पसरलेला. तो तिने घडी करून पोलक्यात ठेवला आणि परत जागेवर बसली. त्या दिवशी तिने साठ कागद रंगवले. सगळ्यांचे गाल लाल.

नऊ वर्षांनी ठशाला कीड लागली, तरी मागणी थांबली नव्हती. वाल्पुर्गा नावाची नवी बाई तिच्या शेजारी रंगवायला बसू लागली होती. पहिल्याच दिवशी ती कागदावर वाकून म्हणाली, "अगं बाई, किती गोड पोर आहे! कुणाचं गं?"

"लाकडाचं," ओटिलिया म्हणाली, आणि तिने हातातला कागद वाळत टाकला.