डावीकडची खालची पिन

ताई हे नाव तिला धाकट्या भावाने दिलं आणि पुढे सगळ्या ट्रॅकने उचललं. चाळिशीची बाई, नखांत कायमचं ग्रीस, आणि जीभ अशी की भल्याभल्यांनी दोन पावलं मागे सरावं. पण क्वाडच्या, म्हणजे रेसच्या चारचाकी मोटरसायकलच्या, धक्के पचवणाऱ्या शॉकचं काम तिच्यासारखं कुणाला जमत नाही, हे तिचे वैरीही मान्य करायचे. तिच्या तोंडावर नाही, एवढंच.

धाकटा तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. गाडी तिने बांधायची आणि त्याने पळवायची, अशी घरातली वाटणी. या हंगामात तिने त्याच्या क्वाडचा पुढचा भाग सगळा नव्याने केला होता. वळणावर गाडी एका बाजूला उचलायची, म्हणून चाकं धरून ठेवणारे लोखंडी आर्म लांब घेतले आणि दोन्ही चाकं दोन-दोन इंच बाहेर काढली. शॉक लांब बसवले, त्यातलं तेल बदललं, गॅस भरला. मग आठवडाभर तेच. धाकट्याने उडी मारून यायचं आणि गाडी खाली येताना नाक खुपसते म्हणून कुरकुरायचं, ताईने शॉकचं बटण दोन खटके फिरवायचं आणि त्याला परत हाकलायचं. सातव्या दिवशी तो परत आला आणि काहीच बोलला नाही. ताईने ते प्रमाणपत्र समजून ठेवून घेतलं.

आता तिची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. प्रत्येक आर्मच्या टोकाला चाकाशी जोडणारा एक जॉइंट असतो, त्याला नट असतो, आणि नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार एक पिन घालून तिचे पाय वाकवतात. बोटाएवढी पिन, पण सगळं चाक तिच्या भरवशावर. पुढे असे चार जॉइंट. ताई पाकिटातून मोजून चार नव्या पिना काढायची आणि स्वयंपाकघरातून पळवलेल्या एका स्टीलच्या वाटीत टाकायची. जुन्या पिना भंगाराच्या डब्यात. एकदा वाकलेली पिन सरळ करून पुन्हा वाकवली की तिच्यात जीव राहत नाही, हे तिचं म्हणणं. आणि वाटी रिकामी झाली की काम झालं. मग तपासायचं नाही, शंका काढायची नाही, वाटी धुऊन पालथी घालायची.

ही वाटीची रीत तिने गेल्या वर्षी स्वतःला लावून घेतली होती, कारण गेल्या वर्षी तिच्या शंकेने घात केला होता. स्टार्टच्या गेटात उभ्या असलेल्या गाडीचा तिला करकर आवाज आला. तिने रेस थांबेल एवढा आरडाओरडा करून गाडी बाहेर काढायला लावली, पुढचं चाक उघडलं, आणि निघालं काय, तर मडगार्डचा एक सैल स्क्रू. गेटात लागलेल्या गाडीला हत्यार लावलं की जागा जाते, बाकीचे सुटल्यावर मागून निघावं लागतं. धाकटा मागून निघाला आणि आठवा आला. क्वाड बनवणाऱ्या एका कंपनीच्या टीममध्ये त्याची निवड व्हायची होती, ती बोंबलली. दोन महिने तो तिच्याशी बोलला नाही.

आज पुन्हा तोच दिवस होता. टीमचा माणूस वही घेऊन प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये बसला होता आणि पहिल्या तिघांना घेणार होता. धाकट्याचं वय पाहता पुढच्या वर्षी त्याला कोणी विचारणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. सकाळी गाडी ट्रॅकवरच्या त्यांच्या तंबूतून नेताना त्याने तिला गेटाभोवतीच्या दोरीच्या अलीकडे थांबायला बजावलं होतं. शंका आलीच तर गिळून टाक, असंही म्हणाला होता. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, त्याला काय बोलणार?

दहा गाड्या गेटात लागल्या. ताई तंबूत हात पुसत होती. पुसता पुसता फडक्यातून तिच्या तळव्याला काहीतरी टोचलं.

पिन. नवी, सरळ, चकचकीत, ग्रीसमध्ये चिकटलेली.

ताईने ती उजेडात धरली. पाकीट घरी होतं, तिने काल मोजून चारच काढल्या होत्या. मग काल संध्याकाळ तिच्यापुढे उभी राहिली. तीन पिना लावून झाल्या होत्या, डावीकडची खालची तेवढी राहिली होती, आणि मावशीचा फोन आला होता. हातातलं हेच फडकं तिने वाटीत टाकलं आणि फोन घेतला. मावशीचं गुडघेपुराण अर्धा तास. परत येऊन फडकं उचललं, वाटी पाहिली, रिकामी. झालं म्हणाली, वाटी धुतली, पालथी घातली. चाकाकडे वळूनही पाहिलं नाही. ज्या वाटीच्या जिवावर ती जगाला शिकवत होती, तिनेच दगा दिला होता. खरं तर वाटीने कसला दगा द्यायचा!

झेंडेवाल्याने तीन मिनिटांची पाटी वर धरली.

पिन नाही, तर नट धक्क्याधक्क्याने सुटणार. पहिल्या दोन उड्या निघतील. तिसरी मोठी, तिथून खाली येताना चाक दुमडणार आणि मागच्या नऊ गाड्या त्याच्या अंगावर. हे सगळं ताईला स्वच्छ दिसलं. आणि आपलं चुकलं तर? तर भाऊ आपल्यापासून गेला. पण जिवंत राहून गेला, असं म्हणत तिने पक्कड उचलली आणि दोरीखालून पळत सुटली.

धाकट्याने तिला येताना पाहिलं आणि हेल्मेटमधूनच मान हलवली, नाही, नाही. ताई गाडीपाशी गुडघ्यावर बसली.

"डावीकडची खालची पिन नाहीये."

"आहे. मी पाहिलीय. ताई, जा तू."

ती धुळीत आडवी झाली. पिन होती. पाय वाकवलेले, जागच्या जागी. शेजारच्या गाडीवरचा एकजण हसला. झेंडेवाला म्हणाला की अजून हत्यार लागलेलं नाही, बाई, मागे व्हा, पोराची जागा जाईल. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून ती वळलीसुद्धा.

आणि थबकली. मग मुठीतली ही कुठली?

ती पुन्हा वाकली. ताई पिनेचा एक पाय वर वाकवायची आणि एक खाली, वर्षानुवर्षं, डोळे मिटूनही. इथे दोन्ही पाय आडवे होते. पिन काळपट होती आणि वाकल्या जागी तिच्यावर एक बारीक पांढरी रेघ होती.

"ही कुणी घातली?"

धाकट्याने मान गेटाकडे वळवली. एक मिनिटाची पाटी वर गेली. दहा इंजिनं एकदम गरजली. ताईने भावाकडे पाहिलं, स्टँडकडे पाहिलं, आणि पक्कड पिनेला लावली. झेंडेवाल्याने त्यांच्या गाडीकडे बोट करून आडवा झेंडा दाखवला. जागा गेली.

जरासा दाब पडला आणि पिनेचा पाय तुटून तिच्या तळहातावर आला. सुपारीचं खांड फुटावं, तसा.

तिने तो तळहात धाकट्यासमोर धरला. त्याने इंजिन बंद केलं.

गेट पडलं आणि नऊ गाड्या धुरळा उडवत गेल्या. त्या धुरळ्यातच त्याने सांगितलं. पहाटे गाडी धुताना त्याला भोक रिकामं दिसलं होतं. ताई झोपली होती आणि नव्या पिनांचं पाकीट तिच्या कपाटात कुलूपबंद होतं. त्याने भंगाराच्या डब्यातली एक पिन सरळ करून बसवली आणि झाकली मूठ झाकलीच ठेवली.

"तुला सांगितलं असतं तर महिनाभर स्वतःला खात बसली असतीस," तो म्हणाला. "गेल्या वर्षी मी दोन महिने अबोला धरला होता, ते पुरे झालं."

ताईला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोल कुणाला लावणार? तिने नवी पिन घातली, एक पाय वर वाकवला, एक खाली.

"जा आता," ती म्हणाली. "अजून चार-पाच जण गाठशील."

स्टँडमधला माणूस वहीत काही लिहीत होता. धाकट्याने तिकडे एकदा पाहिलं, मग हेल्मेट काढून सीटवर ठेवलं आणि तिच्या शेजारी धुळीत बसला.

"बाकीच्या तिन्ही बघ," तो म्हणाला. "मी चाक धरतो."