नको म्हटल्यावर

तेक्लेला फिनलंडमधल्या कुहमोत येऊन नऊ महिने होत आले होते आणि गावातल्या कॅफेत ती अजून एकदाही बसली नव्हती. वृद्धांच्या केंद्रात ती स्वयंसेवक म्हणून आली होती. राहायला खोली फुकट, दुपारचं जेवण म्हाताऱ्यांच्या पंगतीत, आणि वर हातखर्चाला थोडे युरो. जॉर्जियात, कुताईसीला, तो आकडा ऐकून तिच्या आईला आनंदाने रडू फुटलं होतं. इथे मात्र एक कॉफी आणि वेलचीचा गोड पाव घेतला की त्या दिवसाचा हातखर्च खलास.

केस तिने आरशासमोर स्वतःच कापले आणि विचारणाऱ्यांना सांगितलं की आमच्याकडे सध्या हीच फॅशन आहे. चीज ती हातात घ्यायची, भाव बघायची आणि गुमान परत ठेवायची. संध्याकाळी दुकानातली मुलगी शिळं व्हायला आलेल्या पावांवर आणि मांसावर निम्म्या किमतीची लाल चिठ्ठी चिकटवत फिरे. ती येईपर्यंत तेक्ले शॅम्पूच्या बाटल्या वाचत उभी राही. फिनिश भाषा ती निम्मी तिथेच शिकली.

पैशाची चणचण सोसता येते हो. ती लपवण्यात जीव जातो. बरोबरीच्या मुली म्हणायच्या, बोलिंगला चल. हिचं पोट दुखायचं. कॅफेत चल. हिच्या आईचा फोन यायचा असायचा. आणि ‘नको’ म्हणताना आतून ती वाट बघायची, की आता कुणीतरी दंडाला धरून ओढत नेईल. कारण तिच्या देशात पहिल्या ‘नको’वर कुणी विश्वासच ठेवत नाही. यजमान ओरडतो, रुसतो, मेलेल्या आजोबांची शपथ घालतो, मग पाहुणा बसतो. आपल्याकडे ताटावर आडवा हात धरला तरी जिलबी पडतेच ना, त्यातलाच प्रकार.

कुहमोची माणसं मात्र दुसऱ्याच्या शब्दाला मान देणारी. तू नको म्हणालीस? बरं. विषय संपला. दोन-तीन नकारांनंतर मुलींनी विचारणंही थांबवलं. कुणाला राग आला नव्हता, हिला एकटं राहायला आवडतं एवढंच सगळ्यांनी समजून घेतलं होतं.

अशात जूनचा, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सण आला. त्या दिवसांत गाव तळ्याकाठच्या लाकडी घरांत जाऊन राहतं, केंद्रही बंद असतं. म्हणजे दुपारचं जेवण नाही आणि बोलायला माणूसही नाही. तेक्लेला धडकीच भरली होती. केंद्राची प्रमुख हिल्का टेबलं पुसता पुसता म्हणाली, “सणाला मी तळ्यावर जातेय. येतेस? खाण्यापिण्याचं आपापलं आणायचं, बाकी सगळं आहे तिथे.”

तेक्लेच्या डोक्यात भराभर हिशेब झाला. मांस, वाइन, शिवाय कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही. आणि महिनाअखेर!

“नको, मला जरा काम आहे.”

“बरं,” हिल्का म्हणाली आणि पुढचं टेबल पुसायला लागली.

आता हिल्काने एकदा, फक्त एकदा पुन्हा विचारलं असतं, तर तेक्ले उसनेपासने करून गेली असती. तो सगळा आठवडा ती हिल्काच्या मागेपुढे घुटमळली.

“सणाला हवा छान असेल म्हणतात,” ती म्हणाली.

“हो, म्हणतात.”

“मला तळी फार आवडतात.”

“आमच्याकडे पुष्कळ आहेत,” हिल्का म्हणाली.

बाईला काय म्हणावं! गुरुवारी दुपारी तिने पिशव्या गाडीत टाकल्या, हात हलवला आणि गेली. गाडी वळणाआड होईपर्यंत तेक्ले दारात उभी होती.

सणाला तेक्लेने बटाटे उकडले. सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. समोरच्या तळ्याच्या पलीकडच्या काठावर शेकोट्या पेटल्या होत्या, आणि पाण्यावरून हसणं थेट तिच्या खिडकीपर्यंत येत होतं. आईचा फोन आला.

“काय जेवलीस गं सणाचं?”

“मासा, मांस, सगळं. मैत्रिणीच्या घरी आहे.”

“मग दाखव की मैत्रीण! मी काय खाणार आहे का तिला?”

“आंघोळीला गेलीय.”

“बरं झालं बाई, एकटी नाहीस ते,” आई म्हणाली. फोन ठेवल्यावर तेक्ले ढसाढसा रडली. त्या लख्ख उजेडात तिला फार एकटं वाटलं.

सोमवारी केंद्र उघडलं. कॉफी गाळता गाळता हिल्काने विचारलं, “झालं का तुझं काम?”

टोमणा नव्हता तो. तिने खरंच विचारलं होतं, म्हणूनच तेक्लेला सहन झालं नाही.

“कसलं काम? काही काम नव्हतं मला! पैसे नव्हते. काय आणणार होते मी तुमच्याकडे?”

हिल्काने किटली खाली ठेवली. “अगं, पाहुण्याला ओझं वाटू नये म्हणून आम्ही तसं म्हणतो. एक सॉसेज आणलं असतंस तरी चाललं असतं.”

“एक सॉसेज घेऊन कुणाच्या दारात गेले, तर माझी आई मला घरात घेणार नाही.”

हिल्का हसली. “आणि मी एवढा मोठा मासा भाजला. एकटीच होते. मुलगा आला नाही यंदा.”

“मग पुन्हा का नाही विचारलंत? मी आठवडाभर वाट बघत होते!”

“तू नको म्हणाली होतीस ना.” हिल्काला खरोखरच कळत नव्हतं. “पुन्हा विचारायचं असतं?”

“असतंच!”

“किती वेळा?”

“तीनदा तरी.”

हिल्काने किटली उचलून दोन कपांत कॉफी ओतली.

“सेप्पो बॅग घेऊन दारात उभा होता,” ती म्हणाली. “माझा नवरा. ‘मी जातो’ म्हणाला. मी ‘राहतोस का?’ म्हणून विचारलं. तो ‘नको’ म्हणाला. मी ‘बरं’ म्हटलं.”