लोंब्याचा कान आणि मी

मी एक जुने फडके आहे. तान्ह्या बाळाच्या झबल्यासाठी आणलेल्या मऊ कापडाचे उरलेले टोक. कपडे शिवणाऱ्या मावशींनी मला कचऱ्यात न टाकता शिलाई मशीनशेजारच्या खिळ्याला लटकवले. दर शनिवारी त्या मशीनच्या भोकांत तेलाचे थेंब सोडत आणि ओघळलेले तेल माझ्याकडून टिपून घेत. धाग्यांचा भुसा तेलात मिसळून काळा चिखल होतो, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मित्रांनो, चाळीस वर्षांच्या त्या खडखडाटाने मावशींचे कान मंदावले होते. दार वाजले की त्यांचा लांब कानांचा कुत्रा लोंब्या उठे आणि मशीनच्या पायडलवरच्या त्यांच्या पावलावर पंजा ठेवी. गिऱ्हाइके हसत, "मावशी, तुमचे कान चार पायांवर फिरतात!"

मग लोंब्या डोके झटकू लागला. कान खाजवी, टेबलाखाली तोंड खुपसून पडून राही. कानाला वासही येऊ लागला.

"वंगण कमी पडलंय," मावशींनी निदान केले.

"मावशी, तो कुत्रा आहे, मशीन नाही!" मदतीला येणारी भाची ओरडली.

"चाळीस वर्षं हे मशीन कुणी चालवलं? तू?"

आठ दिवस त्यांनी कानात कोमट तेल सोडले आणि मला ते टिपावे लागले. इथेही तोच काळा चिखल होता. पण फडक्याला तोंड नसते. नवव्या दिवशी कानाला हात लागताच लोंब्या केकाटला. त्याच दुपारी दाराखाली चिठ्ठी सापडली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी लिहिले होते, 'तीन वेळा दार वाजवले. आता एप्रन दुसरीकडे शिवायला टाकते.'

मावशींनी चिठ्ठी दोनदा वाचली. तीनदा दार वाजूनही टेबलाखालून लोंब्याने मानसुद्धा वर केली नव्हती. त्यांनी अर्धा शिवलेला झगा तसाच सोडला, मला पिशवीत कोंबले आणि लोंब्याला घेऊन तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे निघाल्या.

डॉक्टरांनी उजेड टाकून कानात पाहिले. "पडदा शाबूत आहे, नशीब. पण आत ओतलंत काय?"

एक टाका वाकडा गेला तरी कबूल न करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तेल. चूक माझीच."

"औषध संपून मी पुन्हा बघेपर्यंत घरचं काहीही नको. बरा झाला की आठवड्यातून एकदा उकळून गार केलेलं पाणी आणि तेवढंच पांढरं व्हिनेगर. फडकं ओलं करून बोट पोचेल तेवढंच पुसायचं. काडी घालायची नाही. कान लाल झाला, वास आला, तर थेट इकडे."

त्या दिवसापासून मशीनला दुसरे फडके मिळाले. मावशींनी मला साबणाच्या पाण्यात तीनदा उकळले, तेलाचा वास पुरता जाईपर्यंत. डॉक्टरांनी कान बरा झाल्याचे सांगितल्यावर दोन चमचे हे, दोन चमचे ते, असे त्या कापड बेतावे तितक्या काटेकोरपणे मोजू लागल्या.

पहिल्या दिवशी मला पाहताच लोंब्या टेबलाखाली पळाला. दुखरा गुडघा सावरत मावशी जमिनीवर बसल्या.

"तू हट्टी, तर मी तुझ्याहून हट्टी. मीच उसवलंय, मीच शिवणार. ये."

त्या दिवशी त्यांनी मला फक्त हुंगू दिले. दुसऱ्या दिवशी कानाच्या पाळीला टेकवले. चौथ्या दिवशी लोंब्याने आपण होऊन त्यांच्या मांडीवर डोके ठेवले, आणि मी हलकेच कान पुसला.

एका सकाळी मशीन भरात असताना दार वाजले. मावशींना ऐकू गेले नाही. लोंब्याचा कान हलला, तो उठला आणि त्याने पावलावर पंजा ठेवला. मशीन थांबले. दारात नर्सबाई होत्या. दुसरीकडचे एप्रन त्यांना काखेत काचत होते.

"मागच्या वेळी दार उघडलंच नाहीत, मावशी!"

"कान दुरुस्तीला दिले होते," मावशी म्हणाल्या आणि मापाची टेप गळ्यात अडकवली.

मित्रांनो, मुक्या जिवावर माया करताना आपल्या सवयीचा उपाय त्याच्या माथी मारू नका. आधी नीट पाहा, जाणत्याला विचारा. मग हात लावा, आणि तो हात मऊ असू द्या. माझा रंग उडाला आहे, कडा विरल्या आहेत. तरीही उद्या कान पुसायचा वार आहे, आणि मी खिळ्यावर तयार आहे.