सत्यशीलाबाईंच्या नावची बाटली

तातेरावानं वळकटी सोडली, तिच्यातून स्वेटर काढला, स्वेटरातून लोकरीचे दोन मोजे काढले आणि मोज्यांतून निघालेली बाटली बहिणीच्या परातीशेजारी ठेवली. सत्यशीलाबाईंचे हात पिठात होते. त्यांना वाटलं, काकवी असेल.

"काय रे हे?"

"वाईन हाय, अक्का. लाल. तुझ्यासाठी आणली."

"म्हंजे?"

"द्राक्षाची... दारूच म्हण."

तव्यावरची भाकरी करपली, पण ती उलटायचं भान कुणाला होतं?

वडीगोद्रीच्या वस्तीत हातभट्टीची मडकी पहिल्यांदा कुणी फोडली, असं विचारलं तर लहान पोरसुद्धा सत्यशीलाबाईंचं नाव सांगे. वस्तीभर डब्यांतून जाणारा मसालाही त्यांच्याच हातचा. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना पाचवं शील, दारूचं, आलं की त्यांचा आवाज असा चढायचा की मागच्या रांगेतले दोन-चार पुरुष आपल्या चपला शोधायला लागायचे. तीन वर्षं वस्तीत भट्टी नव्हती. आता अठ्ठ्याहत्तरच्या या उन्हाळ्यात पुंजारामनं ओढ्यापलीकडच्या बाभळींत पुन्हा चूल मांडली होती, आणि येत्या शनिवारी बाया मुसळं घेऊन तिकडं निघणार होत्या. आज होता मंगळवार.

"उचल ती," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "उकिरड्यावर नेऊन ओत."

तातेराव हलला नाही. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. अक्कानंच त्याला वाढवलं. तो असा खाली मान घालून बसला की काही ऐकत नाही, हे तिला तेव्हापासून ठाऊक होतं.

"कागद तर बघ तिच्यावरचा."

कागदावर परदेशी अक्षरं होती. त्यांच्या खाली, शाईनं, स्वच्छ मराठीत, 'तातेराव गंगाराम साळवे'.

मग त्यानं सांगितलं. शिष्यवृत्तीवर तो अर्जेंटिनाला द्राक्षाची शेती शिकायला गेला, एवढं तिला माहीत होतं. पण ते मळे महाबळेश्वरापेक्षाही उंच डोंगरात, दिवसा ऊन चटका देणारं आणि रात्री गोधडीतही दात वाजवणारी थंडी, हे तो पत्रात लिहायला विसरला होता. तिथं तीन जातींच्या द्राक्षांचा रस वेगवेगळा मुरवतात आणि मग एकात एक मिसळतात. कोणता किती घ्यायचा, यातच सगळं कसब. जाताना प्रत्येक शिकणाऱ्यानं आपापलं मिश्रण करायचं आणि एक बाटली घरी न्यायची.

"माझ्या नावाची ही पहिली वस्तू हाय, अक्का. एक घोट घे. मंग फेकून दे."

"पहिली पाटी मला दाखवली, पहिला पगार माझ्या हातात ठेवला, आन् आता पहिली दारूबी मलाच!" सत्यशीलाबाई कडाडल्या. पण बाटली उकिरड्यावर गेली नाही. ज्वारीच्या कणगीत, तळाशी गेली. "शनिवारपर्यंत विचार करते," त्या म्हणाल्या. तिथंच चुकलं.

कारण घरात साहेबराव होते. साहेबराव म्हणजे सत्यशीलाबाईंचे यजमान, शाळेत मास्तर. कंडक्टर तिकीट द्यायचं विसरला तर त्याच्यामागं बसमध्ये फिरणारा माणूस. बाटली घरात आहे हे कळल्यावर त्यांना दोन दिवस झोप नाही. गुरुवारी, कुणाला न सांगता, ते बसनं तालुक्याला गेले आणि संध्याकाळी हातपाय धुऊन शांतपणे चहाला बसले.

एवढ्यात शेजारची झुंबरबाई दारात आली. तिच्या चेहऱ्यावर दिवाळी होती.

"बाई, तुमी दारूचा परवाना काढून राह्यल्या म्हणं?"

"कोण म्हणलं?"

"स्टँडवरच्या हाटेलात सगळेच म्हणून राह्यलेत. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला म्हणं. मंग दुसऱ्याला बोलावून तिसऱ्यांदा."

सत्यशीलाबाईंनी सावकाश नवऱ्याकडं पाहिलं. साहेबराव बशीतल्या चहावर फुंकर घालत होते.

"अहो."

"घरात बाटली ठेवायची तर परवाना लागतो. कायदा आहे."

"आन् अर्ज माझ्या नावानं?"

"बाटली तुला दिलीय. मग माझ्या नावानं कसा करू? खोटं लिहू?"

"मास्तर," सत्यशीलाबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याला 'मास्तर' म्हणाल्या की झुंबरबाईसुद्धा उठून घरी जायची. "तुमच्यापेक्षा पुंजाराम बरा. तो निदान चोरून करतो."

शुक्रवारी नळावर त्या येताच बाया बोलायच्या थांबल्या. दोघींनी तर शनिवारी आपल्याला ताप येणार असल्याचं आधीच कळवलं. एका घोटासाठी, चव न घेतलेल्या घोटासाठी, तीन वर्षांचा शब्द जातो की काय! सत्यशीलाबाईंना भावाचा राग येई, मग नवऱ्याचा, मग त्या कागदावरच्या नावाचा, कारण ते आठवलं की राग नीट येईना.

शनिवारी दुपार कलल्यावर तरी पंधराएक बाया विहारापुढं जमल्या. आणि खुद्द पुंजारामही आला, धुतलेला सदरा घालून.

"जयभीम, ताई! आमची मडकी फोडायला निघाल्या, बराबर हाय. आमच्यापाशी परवाना न्हाई, एवढाच आमचा गुन्हा."

पुरुष हसले. बायांतल्याही दोघी हसल्या.

सत्यशीलाबाई विहारासमोरच्या आपल्या घरात गेल्या, कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि बाटली आणून घराच्या पायरीवर ठेवली.

"हाय. माझ्या घरात दारू हाय. माझ्या भावानं बनवली." आवाज आज चढला नाही. "तातू, कशी बनवली ते सांग सगळ्यांना. लाजू नको."

तातेराव आधी अडखळला, मग रंगला. डोंगर, ऊन, रात्रीची थंडी, जाड सालीची काळी द्राक्षं. बाया मुसळं टेकून ऐकायला लागल्या. पुंजाराम तर पुढं सरकून बसला.

"गूळ किती टाकता?"

"गूळ न्हाई."

"नवसागर?"

"बिलकुल न्हाई."

"मंग चढती कशी?" पुंजाराम खरोखर चक्रावला होता. "नुसत्या द्राक्षावर?"

"झालं सांगून?" सत्यशीलाबाईंनी विचारलं. "उघड आता."

तातेरावानं खिशातून वळणदार खिळ्यासारखं काहीतरी काढलं, बूच उपसलं आणि बाटली बहिणीच्या हाती दिली. सत्यशीलाबाईंनी ती नाकाशी नेली, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. पंधरा बायांनी आपला श्वास धरून ठेवला. मग बाटली ओठांपाशी न जाता परत तातेरावाकडं आली.

"ओत."

"अक्का, तूच ओत की."

"नाव कुणाचं हाय तिच्यावर?"

त्यानं कागदावरच्या नावावरून अंगठा फिरवला. मग वाकून त्यानं बाटली तिरपी केली. माती तापलेली होती. लाल ओहोळ दोन वीतही गेला नाही. "अरं, अरं, अरं," म्हणत पुंजारामनं तोंड फिरवलं.

"चला," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आता तुझी दाखव, पुंजारामदादा."

या वेळी कुणी हसलं नाही. मुसळं उचलली गेली. ताप येणाऱ्या दोघीही कुठूनशा येऊन सामील झाल्या. ओढ्याच्या वाटेवर तातेराव सगळ्यांच्या मागं, रिकाम्या हातानं चालत होता. सत्यशीलाबाई चालता चालता मागं पडल्या.

"रागावलास?"

"न्हाई."

"तोंड तर एवढं झालंय." त्यांनी मुसळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुझ्या त्या तीन जातींत पहिलीचा वास जांभळासारखा हाय, पिकून फुटलेल्या. ती चांगली. दुसरी तिला धरून राहती. पण ती तिसरी कशाला एवढी टाकली? नाकात आधी तीच घुसती, ओल्या कातड्यावानी. मसाल्यात मी दगडफूल असं टाकलं असतं तर बायांनी डबा परत पाठवला असता."

तातेराव वाटेतच थांबला.

"प्रोफेसरबी हेच म्हणले होते. तानात, म्हंजे ती तिसरी जात, कमी कर म्हणून. मी ऐकलं न्हाई."

"मंग ऐकावं माणसानं."

"पुढच्या खेपेला..."

"पुढच्या खेपेला बेदाणे आण," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि आपलं मुसळ त्याच्या खांद्यावर दिलं. "आन् चल जल्दी, बाया पुढं गेल्यात."