पाठीवरचे अकरा चिमटे

टाचणीचा उभ्या आयुष्यात एकही धड फोटो नव्हता. ओळखपत्रावर ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसायची. आणि ही बाई बारा वर्षं राबत होती कुठे, तर फोटोंच्याच स्टुडिओत. मासिकांसाठी कपड्यांचे फोटो निघायचे तिथे, आणि ही तिथली शिवणकाम करणारी. मॉडेलच्या अंगावर कपडा ढगळ झाला की मागून चिमटे लावायचे आणि पुढून चापूनचोपून बसवायचा. कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही, मग पाठ गेली खड्ड्यात. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून सगळे टाचणीच म्हणायचे. फोटो छापून आले की खाली मॉडेलचं नाव, दुकानाचं नाव, केस विंचरणाऱ्याचंसुद्धा नाव. हिचं नाही. कुणाला त्याची लाज वाटल्याचं ऐकिवात नाही.

फोटो काढणाऱ्या तिरकीला तेवढी वाटायची. मान वाकडी करून बघायची सवय, म्हणून ती तिरकी. सुट्टीच्या दिवशी ती लग्नांचे फोटो काढायची. टाचणीचं लग्न ठरलं तेव्हा टाचणी एवढंच म्हणाली, "मला एक फोटो दे. ज्यात मी असेन."

"शंभर काढते."

"शंभर नकोत गं. शंभरात लपायला जागा होते."

तर तो दिवस उजाडला. लग्ननोंदणीच्या कचेरीत सह्या झाल्या आणि पंचवीस-तीस माणसं शेजारच्या हॉलमध्ये आली. तिरकीने पहिल्यांदा छताचे पिवळे दिवे बंद करायला लावले, डाव्या अंगाच्या उंच खिडक्यांचे पडदे सरकवले आणि उजेड फरशीवर कुठवर पोचतोय ते चालून पाहिलं. मग कचेरीपासून पांघरलेली शाल नवरीला काढायला लावली आणि तिला खिडकीशी उभं केलं. टाचणीने स्वतः शिवलेला सायीच्या रंगाचा झगा घातला होता. समोरून बघत राहावं असा. पण वर चेहरा? दारावर लावलेली पाटी.

माणसाला 'हस' म्हणायचं नाही, हा तिरकीचा नियम. हाताला काम द्यायचं. हात गुंतले की चेहरा सुटतो. तिने फुलं दिली. टाचणीने ती झाडूसारखी धरली. पाणी ओतायला सांगितलं. टाचणीने ते औषध मोजल्यासारखं ओतलं. चाळीस फोटो झाले आणि चाळीसही वाया गेले.

"माझ्या तोंडाचं काय करू?" टाचणी पुटपुटली. "रिकामं आहे ना. सवय नाही."

नवऱ्याची आत्या खुर्ची ओढून मधोमध बसली होती. "मासिकात येतात तसे काढ बाई. चांगली फिरव तिला. उभी आहे नुसती खांबासारखी."

टाचणी बिचारी आज्ञाधारक. फिरली.

पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत ओळीने अकरा चिमटे होते. मधली शिवण घातलेलीच नव्हती.

"अगं, हे काय?" आत्या म्हणाली. "कपडे वाळत घातलेत का पाठीवर?"

टाचणीचा हात मागे गेला, चिमट्यांवरून फिरला, आणि तिचा चेहरा उतरला. "राहिलंच," ती म्हणाली. "समोर आरशात नीट दिसलं, म्हणून झालं असं वाटलं मला."

बारा वर्षांची सवय ती. दुसऱ्या कुठल्या नवरीच्या हातून हे होणं शक्य नव्हतं. तिरकीच्या ओठांवर आलंच होतं, "भिंतीला पाठ लाव, समोरून उरकू." स्टुडिओत ती हेच म्हणायची, रोज, विचार न करता. ते शब्द जिभेवरच थांबले आणि तिला स्वतःचाच संताप आला. इतकी वर्षं आपणही हिचं काम पाठीमागेच लपवत आलो की. ती खिडकीपासून सरकली आणि नवरीच्या मागच्या अंगाला जाऊन गुडघ्यावर बसली.

नवरा खुर्च्या-सोफे मढवणारा. कोटाच्या पट्टीमागे वाकडी सुई टोचलेली, लग्नाच्या कोटातही. त्याने टाचणीच्या पाठीशी येऊन सुई काढली, खिशातून जाड दोरा काढला.

"देऊ का घालून?"

"तुझी सोफ्याची सुई माझ्या झग्याला?"

"सोफा वीस वर्षं टिकतो."

टाचणीने हात मागे नेऊन वरचे चिमटे उपटले, आत्याच्या पदरात टाकले, कुणाच्या तरी पर्समधल्या चार टाचण्या मागून घेतल्या आणि सवयीने ओठांत धरल्या. आणि बाई जागी झाली. खांद्यावरून मान वळवून दातांच्या फटीतून हुकूम सुटू लागले. "बारीक घाल. बारीक म्हटलं. गादी नाही ती."

"हलू नकोस, टोचेल."

"टोचू दे, पण सरळ घाल."

नवऱ्याने दोरा दातांनी तोडला तेव्हा त्याचं नाक तिच्या पाठीला लागलं. टाचणीला गुदगुल्या झाल्या. टाचण्या सांभाळून हसायची तिची रीत होती. ओठ बंद, आणि बाकीचा सगळा चेहरा उसळलेला. डोळे, भुवया, कानसुद्धा. खिडकीचा उजेड नेमका खांद्यावरून त्या चेहऱ्यावर आला.

तिरकीने एकदाच बटण दाबलं. कॅमेरा खाली ठेवला.

"बघू," टाचणी म्हणाली, टाचण्या तशाच ठेवून. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अर्धी शिवलेली पाठ होती, खाली उरलेले पाच चिमटे, सुई धरलेला नवरा, आणि खांद्यावरून मागे बघणारी ती. ती बराच वेळ बघत राहिली. मग टाचण्या तळहातावर काढल्या.

"ही मी आहे," ती म्हणाली. "आणि तिसरा टाका वाकडा आहे."

"मला दाखव की," आत्या मान लांब करून म्हणाली. पदरात सहा चिमटे खुळखुळत होते. तिने फोटो पाहिला, नाक मुरडलं, पुन्हा पाहिला. "मासिकातल्यासारखा नाही आला." मग म्हणाली, "मोठा करून दे. आमच्या बैठकीच्या खोलीत लावते."