उभी आणि आडवी

अक्षताचं नाव छापून यायला हवं होतं. परदेशातली शिष्यवृत्ती तेवढ्यावर अडली होती, आणि तिच्या वडिलांनी, अप्पांनी, तर लालबागच्या चाळीत नाव येणार म्हणून आधीच सांगून टाकलं होतं.

विषय असा, की ऐकणाऱ्याला जांभई यावी. रिकाम्या पोकळीत जबर विद्युतक्षेत्र लावलं की काही नसलेल्या जागेतून कणांची जोडी निघते, एक इकडे ओढला जातो, दुसरा तिकडे. पण पोकळी एका दिशेने ताणलेली असेल, सगळ्या बाजूंनी सारखी नसेल, तर एका दिशेला जोडी लवकर निघते, दुसऱ्या दिशेला जास्त जोर लागतो. किती, ते होलोग्राफीच्या आडवाटेनं, एक जादा मिती धरून काढायचं. अक्षताने दीड वर्ष तेच केलं. वहीत ती ताणलेल्या दिशेला 'उभी' म्हणायची, तिच्या काटकोनातलीला 'आडवी'. अप्पा गिरणीत साच्यावर, कापड विणायला होते. ताणून बसवायचा तो उभा धागा, त्यातून जातो तो आडवा, हे तिचं बाळकडू.

पुष्कर गिरगावचा, जिभेवर साखर. दोघं मृणालिनी मॅडमच्या हाताखाली संशोधन करत. "वही दे ना गं, दोन दिवसांत आणून देतो," म्हणाला. दोन महिन्यांनी लेख आला, एकट्या पुष्करच्या नावाने. शेवटी आभार: उपयुक्त चर्चेबद्दल अक्षता. घर धुऊन न्यायचं आणि वर उंबऱ्याला नमस्कार!

लेख वाचता वाचता ती एकटीच हसली. सगळे निष्कर्ष उलटे होते. 'उभी' म्हणजे ताणाला लंब, असं शाळेतल्या भूमितीसारखं धरून बसला होता शहाणा. स्वतः एक ओळ सोडवली असती तरी कळलं असतं. चोरीचा याहून धडधडीत पुरावा कुठला? वही घेऊन ती तडक मॅडमकडे गेली.

मॅडमनी वही चाळली, मिटली. "पुष्करचं जर्मनीचं ठरलंय. आता बोभाटा नको. आपण शुद्धिपत्र काढू, त्यात तुझं नाव छापू."

छापलं. महिन्याभराने शुद्धिपत्र आलं: 'दिशांची अदलाबदल झाली आहे. या चुकीचं मूळ अक्षता यांच्या टिपणांतील संदिग्ध शब्दांत आहे.' चोराच्या उलट्या बोंबा, त्याही शुद्ध इंग्रजीत. तिला रडूही आलं नाही, इतका संताप झाला.

अप्पांनी तिच्या हातातला फोन घेतला, चष्मा सारखा करून एकेक अक्षर लावलं. "ह्या तुझाच नाव मां?"

"हो अप्पा. माझंच."

पुढचं ती सांगणार, तोवर ते शेजारणीला हाका मारत गॅलरीत पोचले होते. "मालनवयनी, आयकलास? माझ्या चेडवाचा नाव छापून इला गो!"