रुजलं का?

मिठाचा खडा अंगठ्याच्या चिरेत शिरला आणि हेसुकला आधी रक्तच दिसलं, एक थेंब, कोबीच्या पांढऱ्या देठावर. ती बघत राहिली, आता थांबेल... थांबलंच. मीरानताईचं थांबायचं नाही. दात घासले तरी हिरड्या वाहायच्या, दंडाला नुसतं धरलं तरी काळानिळा डाग, आणि सगळे संशयानं भावजींकडे बघायचे. जिन्यात ती मध्येच बसायची, धाप लागून, पांढरीफटक. "मटण खात नाही, मग काय होणार!" म्हणत आईनं बैलाच्या नळ्या उकळून उकळून तिला सूप पाजलं. मग सोल शहरातल्या डॉक्टरांनी कमरेच्या हाडात सुई घालून अस्थिमज्जा तपासली. रक्त तयार व्हायच्या जागी नुसती चरबी! कॅन्सर नव्हे, म्हणाले. शरीरच स्वतःच्या मज्जेवर उठलंय. वर्षभर औषधं, रक्त चढवणं, ताप आला की धावपळ... गुण नाही. शेवटी बहिणीची मज्जा. माझी. तंतोतंत जुळली.

जुळली, हेसुकची! शाळेत, नोकरीत, लग्नात जिचं कधी कशाशी जुळलं नाही, तिची. त्या रात्री आईनं काटे काढून मासा तिच्या वाडग्यात वाढला होता. आठवलं की अजून बरं वाटतं, आणि लाजही वाटते.

मज्जा चढवून आता तिसरा आठवडा. ताई दवाखान्यात काचेआड, तिच्या हाडांत हेसुकचं काहीतरी रुजायचंय, आणि रुजत नाहीये. रोज दुपारी भावजी पांढऱ्या पेशींचा आकडा फोनवर सांगतात.

"तुझं सगळंच उशिरा," किमचीसाठी पानापानात तिखट भरताना आई म्हणाली. "जन्मालाही तारीख उलटल्यावर आलीस. रक्तानं तरी जरा घाई करावी की नाही?"

"तूच ओरड त्याला. माझं कुठे ऐकतंय!"

आई हसली, मग बाहीनं नाक पुसलं. ताईसाठी तिनं वेगळी बरणी भरली होती. ताईला इतक्यात आंबवलेलं चालणार नाही हे माहीत असूनही भरली होती.

आणि नाहीच रुजलं तर? आई बोलणार नाही काही... नुसती बघेल माझ्याकडे. हेसुकचंच कमअस्सल निघालं.

फोन वाजला. तिनं तिखटाच्या हातांनीच उचलला. "भावजी, आकडा?"

"कालचाच. डॉक्टर म्हणतात, अजून थोडं थांबू." ते जरा घुटमळले. "मीरान विचारत होती, हेसुक जेवली का. म्हणाली, कोबी संपेपर्यंत ती उपाशीच राहते, तिला आधी भात वाढा म्हणावं."

"हं," म्हणून हेसुकनं फोन ठेवला, आणि मग तिच्या लक्षात आलं, इतक्या दिवसांत आपण एकदाही विचारलं नाही, ताई कशी आहे. काही गिळता येतं का तिला, एकटीला भीती वाटते का... फक्त आकडा. माझा आकडा. काचेआडची केस गेलेली, सुकलेली ताई आत्ता कुठे दिसली. माझं रुजो, कुणाचंही रुजो, पण ती...

"काय म्हणाले गं?" आईनं विचारलं.

"आई, ताई मरेल का?"

घरात हा शब्द कुणी काढला नव्हता. आईचे हात थांबले, आणि आई आता आपल्याकडे कशी बघेल याची हेसुकला पहिल्यांदाच पर्वा वाटली नाही.